दिल्ली ते टोकियो: जाताना पावणेआठ तास, येताना पावणेदहा, असं का?

आमच्या शेजारच्या काकू जानेवारीत मुलाकडे टोकियोला निघाल्या आहेत. परवा तिकिटाचा कागद घेऊन घरी आल्या. दिल्लीहून विमान रात्री 8 ला सुटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 7:10 ला टोकियोला पोचतं. परतीचं विमान टोकियोहून सकाळी 11 ला निघतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी 5:10 ला दिल्लीत उतरतं. काकूंनी बोटांवर हिशोब करून ठेवला होता. जाताना अकरा तास दहा मिनिटं, येताना सहा तास दहा मिनिटं. "जाताना लांबून नेतात का रे? की येताना विमान जोरात हाकतात?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि मला तो फार आवडला. कारण खरी गोष्ट बरोबर उलटी आहे. जाताना काकू पावणेआठ तासांच्या आत पोचतील, येताना मात्र त्यांना पावणेदहाच्या आसपास लागतील. तिकिटावर चूक काहीच नाही. पण तिकिटावर घड्याळं दोन आहेत, हे तिथे कुठे लिहिलेलं नसतं.

आधी घड्याळाचा गुंता सोडवू

विमानाच्या तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. सुटण्याची वेळ दिल्लीच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे, पोचण्याची टोकियोच्या. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिथे साडेअकरा झालेले असतात.

म्हणजे काकू दिल्लीहून निघतील तेव्हा टोकियोत रात्रीचे साडेअकरा असतील. तिथून सकाळी 7:10 पर्यंत मोजा: 7 तास 40 मिनिटं. येताना टोकियोत सकाळचे 11 वाजले असतील तेव्हा दिल्लीत नुकते साडेसात. तिथून संध्याकाळी 5:10 पर्यंत 9 तास 40 मिनिटं.

पूर्वेला जाताना दिसणाऱ्या तासांतून साडेतीन वजा करायचे, परत येताना मिळवायचे. ज्यांना वजाबाकी-बेरीज लक्षात राहत नाही त्यांनी दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहून काढाव्यात, गोंधळ होतच नाही.

इथे बहुतेक जण समाधानाने कागदाची घडी घालतात. पण काकूंनी घातली नाही. "घड्याळाचं कळलं. पण तरी दोन तास उरलेच की. रस्ता तोच, विमान तेच, मग येताना दोन तास जास्त कशाला?" हा झाला खरा प्रश्न.

अंतर नक्की किती?

दिल्ली ते टोकियो अंतर शोधलं तर वेगवेगळे आकडे समोर येतात, आणि माणसाला वाटतं यातला एकच खरा असणार. पण त्यांच्यामागे प्रश्नच वेगवेगळे असतात.

दिल्लीच्या विमानतळापासून टोकियोच्या हानेदा विमानतळापर्यंतचं सर्वांत जवळचं अंतर साधारण 5,860 किमी आहे. टोकियोचा दुसरा विमानतळ नारिता शहराच्या पूर्वेला आहे, त्यामुळे तिथवर आणखी पन्नासेक किमी वाढतात. हे "सर्वांत जवळचं" मोजायचं कसं, ते घरी करून बघता येतं. पृथ्वीचा गोल घ्या. दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर धरा, दुसरं टोकियोवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप ज्या वाटेने बसेल ती सर्वांत जवळची वाट. हाच दोरा पुढे नेत पृथ्वीभोवती पूर्ण फिरवला तर पृथ्वीचे दोन सारखे भाग होतील. अशा वर्तुळाला बृहद्‌वृत्त म्हणतात. शाळेच्या भूगोलात विषुववृत्ताच्या निमित्ताने हा शब्द येऊन गेलेला असतो.

आता तीच दोन शहरं भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टीने जोडा. ही रेषा दिसायला सरळ असते, पण तिच्यावरून प्रत्यक्ष गेलं तर 5,955 किमी पडतात, म्हणजे जवळजवळ शंभर किमी जास्त. आणि मध्यावर ही रेषा दोऱ्याच्या वाटेपेक्षा सुमारे पाचशे किमी दक्षिणेला असते. विमानातल्या पडद्यावर मार्ग धनुष्यासारखा वाकलेला दिसतो तो त्यामुळेच. वाट सरळच आहे, नकाशा ताणलेला आहे.

नकाशा ताणलेला का? आपण रोज बघतो ते बरेच नकाशे मर्केटर यांनी 1569 साली काढलेल्या पद्धतीचे असतात. या पद्धतीत सगळी रेखावृत्तं एकमेकांना समांतर उभी काढलेली असतात. प्रत्यक्षात ती ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात. दोन शेजारच्या रेखावृत्तांमधलं अंतर विषुववृत्तावर 111 किमी असतं, टोकियोच्या अक्षांशावर जेमतेम 91. सपाट नकाशा हे 91 सुद्धा 111 इतकेच रुंद दाखवतो. उत्तरेकडून गेलं की पूर्व-पश्चिम अंतर कमी पडतं, ही सोय त्या नकाशावर दिसतच नाही.

मग विमान त्या दोऱ्यावरून उडतं का?

नाही. तो दोरा दिल्लीहून ईशान्येला निघतो, हिमालय ओलांडतो, तिबेटच्या पठारावरून चीनच्या मधल्या भागात शिरतो, आणि पुढे पिवळा समुद्र आणि कोरिया ओलांडून जपानला पोचतो. प्रवासी विमानं सहसा ही वाट घेत नाहीत. ती गंगेच्या मैदानावरून पूर्वेला जातात, बांगलादेश-म्यानमारकडून चीनच्या युनान प्रांतात कुनमिंगच्या बाजूला शिरतात, आणि तिथून ईशान्येला वळून जपान गाठतात. मी कुनमिंगवरून वळसा धरून हिशोब केला तेव्हा अंतर 6,300 किमीच्या जवळ आलं. म्हणजे दोऱ्यापेक्षा सव्वाचारशे-साडेचारशे किमी जास्त, विमानाच्या भाषेत अर्धा तास.

याच भागात दुसऱ्या महायुद्धात एक विलक्षण हवाई वाट होती. जपानने ब्रह्मदेशाचा रस्ता तोडल्यावर 1942 पासून आसाममधल्या चाबुआ, दिंजान अशा धावपट्ट्यांवरून कुनमिंगला विमानाने माल जाऊ लागला. वैमानिक त्या वाटेला "द हंप" म्हणायचे, कारण मध्ये डोंगरांचं कुबड होतं. त्या वाटेवर शेकडो विमानं पडली. आज त्याच टापूच्या जवळून दहा-अकरा किमी उंचीवरून जाताना प्रवासी पांघरूण घेऊन झोपलेले असतात. मला हा विचार दर वेळी थोडा अस्वस्थ करतो.

एव्हरेस्टच्या वरून उडतं, तर तिबेटची भीती कसली?

एव्हरेस्ट 8,849 मीटर उंच, विमान साडेदहा ते बारा किमीवर. मग डोंगर आडवा येतोच कुठे? बरोबर, सगळं सुरळीत असेल तर येत नाही. पण मार्ग ठरवताना विचार करतात तो काही बिघडलं तर काय, याचा.

समजा केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला. अकरा किमी उंचीवर हवा इतकी विरळ असते की माणूस मिनिटभराच्या आत भान हरपू लागतो. वरून मुखवटे खाली पडतात, पण बहुतेक विमानांत त्यातला प्राणवायू पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. तेवढ्यात वैमानिकाला विमान साधारण तीन किमी उंचीपर्यंत खाली आणायचं असतं, जिथे मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किमीहून जास्त आहे. तीन किमीवर तिथे हवा नाही, जमीन आहे. आणि हे पठार एवढं मोठं आहे की पंधरा मिनिटांत त्याच्या बाहेर पडता येईलच असं नाही.

एक इंजिन बंद पडलं तरी अडचण तीच. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर सुरक्षित उडतं, पण त्याच उंचीवर राहू शकत नाही, हळूहळू खाली यावं लागतं. खाली मोकळी जागा हवी, आणि जवळ उतरायला विमानतळही हवा.

"पण ल्हासाला विमानं जातातच की." जातात. ल्हासाचा विमानतळच साडेतीन किमीहून उंच आहे. तिथे जाणाऱ्या विमानांत प्राणवायूचा साठा वाढवलेला असतो, वैमानिकांना वेगळं प्रशिक्षण असतं, आणि संकटात कुठल्या दरीतून बाहेर पडायचं ते आधीच आखून ठेवलेलं असतं. दिल्ली-टोकियोच्या विमानाने हे सगळं करायचं ते अर्धा तास वाचवायला. त्यापेक्षा वळसा परवडतो.

तरीही काकूंचे दोन तास अजून सापडले नाहीत. वळसा जाताना आहे तसाच येतानाही आहे.

दोन तास वाऱ्याचे

आपण विमानाकडे रस्त्यावरच्या गाडीसारखं बघतो. नदीतल्या नावेसारखं बघितलं की सगळं उलगडतं. नावाडी दोन्ही वेळेला सारख्याच जोराने वल्हवतो. प्रवाहाबरोबर जाताना काठावरची झाडं भराभर मागे पडतात, उलट येताना तीच झाडं हलता हलत नाहीत. नावाड्याचे हात तेच, पाणी चालतं आहे.

आकाशात अशी नदी खरोखर आहे. साधारण नऊ ते बारा किमी उंचीवर, म्हणजे नेमकी विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, अतिवेगवान पट्टा वाहत असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात हा प्रवाह उत्तर भारतावरून, हिमालयाच्या दक्षिण अंगाने पूर्वेला जातो आणि जपानच्या जवळ पोचताना भयंकर जोर धरतो. एका बाजूला सैबेरियाची गोठलेली हवा, दुसऱ्या बाजूला पॅसिफिकची उबदार. तापमानातला फरक जितका तीव्र तितका हा वारा जोराचा. जगातले सर्वांत जोरकस जेट वारे हिवाळ्यात जपानच्या आसपास सापडतात. तिथे ताशी 300 किमीच्या पुढचा वेगही नवलाचा नाही.

आणि हा वारा जगात पहिल्यांदा नीट मोजला तोही जपानमध्येच. वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ 1920 च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून वरचे वारे मोजत होते. हिवाळ्यात फुगे वर गेले की पूर्वेकडे पळत सुटायचे. त्यांनी 1926 साली हे प्रसिद्ध केलं, पण एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत, जगातल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून. ती भाषा वाचणारे मोजकेच होते, त्यामुळे जपानबाहेर कोणाचं फारसं लक्षच गेलं नाही. एखाद्याने चांगल्या हेतूने दार उघडावं आणि नेमकं त्याच दाराने कोणी येऊ नये, तसं झालं. 1944 च्या अखेरीस अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं टोकियोवर उंचावरून आली तेव्हा या वाऱ्याने त्यांचे नेम चुकवले, आणि त्या विमानांच्या वैमानिकांना तो अनपेक्षित होता.

त्याच वाऱ्याचा जपानी सैन्याने वेगळा उपयोग केला. नोव्हेंबर 1944 ते एप्रिल 1945 या काळात त्यांनी कागदाचे सुमारे 9,000 फुगे बॉम्ब बांधून सोडून दिले. जेट प्रवाहाने त्यातले काही पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत नेले. त्यातल्या एकाने मे 1945 मध्ये ओरेगॉनच्या जंगलात सहलीला गेलेली पाच मुलं आणि एका गर्भवती बाईचा जीव घेतला. वाऱ्याची ताकद सांगताना हा भाग गाळून पुढे जावंसं मला वाटत नाही.

आपल्याशी या वाऱ्याचं नातं टोकियोच्या तिकिटापुरतं नाही. हिवाळ्यात उत्तर भारतात पाऊस आणि काश्मीर-हिमाचलमध्ये बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात याच प्रवाहासोबत येतात. जूनच्या सुमारास हा प्रवाह हिमालयाच्या दक्षिणेकडून उठून तिबेटच्या उत्तरेला सरकतो, आणि साधारण त्याच सुमारास आपला मान्सून पुढे सरकतो. म्हणून उन्हाळ्या-पावसाळ्यात दिल्ली-टोकियोच्या जाण्या-येण्यातला फरक बराच कमी होतो, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत सर्वांत जास्त असतो. काकूंनी नेमका जानेवारी निवडला आहे.

आता हिशोब

या मार्गावर बोइंग 787 सारखी विमानं धावतात. त्यांचा हवेतला वेग साधारण ताशी 900 किमी. आपली वाट 6,300 किमी. वारा नसेल तर सरळ सात तास.

आता पूर्ण वाटेवर पश्चिमेकडून सरासरी ताशी 120 किमीचा वारा धरू. जाताना जमिनीच्या हिशोबाने वेग 1,020, लागणारा वेळ 6 तास 11 मिनिटं. येताना वेग 780, वेळ 8 तास 5 मिनिटं. दोन्हींतला फरक 1 तास 54 मिनिटं. काकूंचे दोन तास सापडले.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती हातून सुटते. जाताना वाऱ्याने 49 मिनिटं वाचवली, येताना 65 मिनिटं खाल्ली. वाटतं तसं जाण्या-येण्यात फिटंफाट होत नाही. कारण सोपं आहे: उलट्या वाऱ्यात वेग कमी, वेग कमी म्हणून त्या वाऱ्यात राहण्याचा वेळ जास्त, वेळ जास्त म्हणून नुकसानही जास्त. नावाड्यालाही हे माहीत असतं, तो गणित मांडत नाही इतकंच.

विमानात समोरच्या पडद्यावर "ग्राउंड स्पीड" म्हणून एक आकडा येतो. तो जमिनीच्या हिशोबाचा वेग. जाताना तो हजाराच्या पुढे गेलेला दिसेल, कधी अकराशेलाही पोचेल. त्या उंचीवर आवाजाचा वेग ताशी सुमारे 1,060 किमी असतो, तेव्हा शंका येणं स्वाभाविक आहे की विमानाने आवाजालाही मागे टाकलं की काय. नाही. विमानाच्या दृष्टीने महत्त्वाचा वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेतला, आणि तो 900 च राहतो. उरलेला वेग हवा स्वतः देते.

"पृथ्वी फिरते ना? मग पश्चिमेला लवकर पोचायला हवं"

ही शंका मला शाळकरी मुलांपासून इंजिनियरांपर्यंत सगळ्यांनी विचारली आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान वर गेलं की खालून दिल्ली आपल्या दिशेने यायला हवी, नाही का?

धावत्या रेल्वेच्या डब्यात उभ्या उभ्या उडी मारून बघा. तुम्ही परत त्याच जागी उतरता, मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. कारण उडी मारण्याआधीच तुमच्यात गाडीचा वेग असतो. दिल्लीची जमीन ताशी जवळजवळ 1,465 किमी वेगाने पूर्वेला फिरते आहे, आणि दिल्लीची हवा, धावपट्टी, विमान, काकू, सगळे तिच्यासोबत फिरत आहेत. वर गेल्याने तो वेग सुटत नाही.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध अगदीच नाही असंही नाही, तो आडून येतो. विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी 1,670 किमी, टोकियोच्या अक्षांशावर सुमारे 1,360. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून उत्तरेकडे निघते तेव्हा तिच्यात तो जास्तीचा पूर्वेकडचा वेग असतो. ती उत्तरेला पोचते तिथली जमीन हळू फिरत असते, म्हणून हवा जमिनीच्या पुढे धावू लागते. जेट प्रवाह तयार होण्यात याचा मोठा वाटा आहे. म्हणजे पृथ्वीचं फिरणं वाऱ्यामार्फत काम करतं, आणि ते अपेक्षेच्या बरोबर उलट: पूर्वेला जाणाऱ्याला मदत, पश्चिमेला जाणाऱ्याला अडथळा.

मग येताना वेग का वाढवत नाहीत? आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन बेसुमार जळतं. थोडाफार वेग वाढवतातही, पण दोन तास भरून निघत नाहीत. परतीच्या फेरीला तसंही इंधन जास्त भरावं लागतं.

हवेत सव्वासहा तास, तिकिटावर पावणेआठ

वरच्या हिशोबात जाताना सव्वासहा तास आले होते, तिकिटावर 7:40 आहेत. मधला दीड तास कुठे गेला?

तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. या धंद्यात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. दिल्लीत धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, मग चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, टोकियोजवळच्या गर्दीत दिलेली वळणं, उतरल्यावर दारापर्यंतचं रांगणं, हे सगळं त्यात येतं. वर कंपन्या थोडी जास्तीची मिनिटं धरून ठेवतात, म्हणजे एखादा उशीर झाला तरी वेळापत्रक पाळलं जातं. म्हणून कधी कधी अर्धा तास आधी पोचल्याची घोषणा होते आणि सगळे खूष होतात. त्या दिवशी वारा बरा होता किंवा रांग लहान होती, एवढंच.

खाली कोणाचा देश आहे?

डोंगर आणि वारा निसर्गाचे झाले. तिसरी गोष्ट माणसांची आहे. 1944 च्या शिकागो करारात पहिलंच कलम असं आहे की प्रत्येक देशाचा आपल्या वरच्या आकाशावर संपूर्ण हक्क असतो. दुसऱ्याच्या आकाशातून जायला परवानगी लागते आणि त्यासाठी शुल्कही मोजावं लागतं. कुठल्या देशात उतरण्याचा हक्क आणि त्याच्या वरून नुसतं उडून जाण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवलं तर बऱ्याच बातम्या सोप्या होतात.

दिल्ली-टोकियो या बाबतीत नशीबवान आहे. दिल्लीपासून पश्चिमेला आणि उत्तरेला बघा. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्ली ते ताश्कंद सरळ अंतर जेमतेम 1,600 किमी, टोकियोच्या पावपट. पण सरळ वाट बंद झाल्यावर अरबी समुद्राकडून एवढा मोठा वळसा पडू लागला की लहान विमानाच्या पल्ल्यात तो बसेना, आणि दिल्ली-ताश्कंद, दिल्ली-अल्माटी या भारतीय कंपनीच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. दोन शहरं जागची हलली नाहीत, त्यांच्यातलं विमानाचं अंतर मात्र एका दिवसात बदललं. टोकियोचंही तेच झालं, पण युरोपच्या बाजूने: फेब्रुवारी 2022 नंतर जपानी विमानांची रशियावरून जाण्याची वाट बंद झाली आणि टोकियो-लंडन प्रवास दोन तासांहून जास्त लांबला.

म्हणून दोन शहरांमधलं अंतर किती या प्रश्नाला माझं उत्तर हल्ली किलोमीटरमध्ये नसतं, तासांमध्ये असतं, आणि सोबत महिना विचारतो.

लांबची वाट लवकर पोचवते

यावर विश्वास बसत नसेल तर एक उदाहरण. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे 1,400 किमीने वाढली, म्हणजे मुंबई-दिल्ली एवढ्या अंतराहूनही जास्त. आणि तरी प्रवास दोनेक तासांनी कमी झाला, कारण अटलांटिकच्या वाटेवर वारा तोंडावर होता आणि पॅसिफिकच्या वाटेवर पाठीवर.

दिल्ली-टोकियोत एवढी मोकळीक नाही. चीनवरचे हवाई मार्ग ठरलेले, उत्तरेला पठार. तरी मार्ग आखणारी माणसं रोज वाऱ्याचे ताजे अंदाज बघून उंची ठरवतात. जाताना प्रवाहाच्या पोटात शिरायचं, येताना त्याची कड शोधायची. जेट प्रवाहाच्या कडेला वाऱ्याचा वेग थोड्याच अंतरात खूप बदलतो, त्यामुळे ढग नसतानाही विमान अचानक हादरतं, आणि स्वच्छ हवेतले हे हादरे रडारवर दिसत नाहीत. जागेवर बसलेलं असताना पट्टा बांधून ठेवा अशी विनंती करतात ती यासाठी. काकूंना मी हे दोनदा सांगितलं.

काकूंच्या कामाचं

जाताना विमान रात्री 8 ला सुटेल, जेवण होईस्तोवर दहा वाजतील, आणि उतरण्याच्या तासभर आधी दिवे लागतील. म्हणजे वाऱ्याने वाचवलेला वेळ काकूंच्या झोपेतून जाणार. सकाळी 7:10 ला उतरतील तेव्हा त्यांच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे 3:40 असतील. शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. म्हणून पूर्वेच्या प्रवासाचा शीण जास्त. मुलाला सांगून ठेवलं आहे की पहिल्या दिवशी आईला मंदिरं दाखवायला नेऊ नकोस, उन्हात थोडं फिरव आणि रात्री वेळेवर झोपू दे.

येताना त्या संध्याकाळी 5:10 ला दिल्लीत उतरतील, म्हणजे टोकियोच्या हिशोबाने रात्रीचे 8:40. नागपूरचं पुढचं विमान त्यांनी साडेसातचं धरलं होतं. जानेवारीत जपानवरचा उलटा वारा भरात असतो, आणि दिल्लीत धुकं. त्यात पारपत्र तपासणी आणि सामान. मी त्यांना शेवटचं, रात्री उशिराचं विमान घ्यायला लावलं. काकूंनी तिथेच फोन काढून मुलाला लावला, आणि पहिलं वाक्य होतं, "अरे, येताना वारा तोंडावर असतो, तुला माहीत आहे का?"